‘ऑटो’वर किती सोडायचं?

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, नव्या तंत्रामुळं फोटोतली कल्पकता वाढते की आटते? पत्रं बहुतेक कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून आली. त्यांत मतांपेक्षा अडचणी जास्त होत्या, ते बरंच झालं. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : संध्याकाळी रंकाळ्यावर संध्यामठ काळाभोर दिसतो, मागं आभाळ तांबडं असतं. फोनमध्ये मात्र मठाचे दगड उजळून निघतात आणि आभाळ फिकं पडतं. फोटो वाईट म्हणता येत नाही, पण मी पाहिलं ते त्यात नसतं. महागाचा फोन असून असं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : फोन महागाचा आहे म्हणूनच असं होतं. तुम्ही बटण एकदा दाबता, पण फोन त्या क्षणाला पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो. आभाळ पांढरंफटक पडू नये म्हणून त्या मुद्दाम कमी उजेडाच्या घेतलेल्या असतात. मग त्या एकमेकींवर बसवून सावलीतला भाग उजळला जातो आणि नॉइज, म्हणजे अंधारात येणारे रंगीत दाणे, पुसला जातो. यामागची अडचण खरी आहे. मोठ्या, ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा) ३६ बाय २४ मिलिमीटर असतो, तर चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर जेमतेम १० मिलिमीटर रुंद. एवढ्याशा तुकड्यावर झगझगीत आभाळ आणि काळोखातला दगड एका फ्रेममध्ये मावत नाहीत, म्हणून ही बेरीज करावी लागते.

पण बेरीज झाल्यावर काय उजळायचं, हे फोन बनवणाऱ्यानं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्याच्या लेखी सगळं स्पष्ट दिसणं म्हणजे चांगला फोटो. तुम्हाला मात्र मठाचे दगड नको होते, त्याची आकृती हवी होती. म्हणजे या फोटोत उजेडाचा निर्णय तुमचा नाही. तो परत घ्यायला दोन मिनिटं पुरतात.

स्क्रीनवर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा. खुद्द सूर्यावर नको, त्याच्या बाजूला. फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक झाल्याची खूण आली की शेजारची पट्टी खाली ओढा. बहुतेक वेळा एक ते दोन स्टॉप पुरतात (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मठाच्या दगडांचे सांधे दिसेनासे झाले की थांबा. त्याहून खाली गेलात तर पाण्यातलं प्रतिबिंबही मरतं.

रंगाचं दुखणं वेगळं आहे. तांबूस उजेड ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे रंगांचा तोल आपोआप साधणाऱ्या सोयीला, दोष वाटतो आणि तो निळसर छटा मिसळून त्याची ‘दुरुस्ती’ करतो. प्रो मोडमध्ये (जिथं आकडे हातानं ठरवता येतात) जाऊन व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विन ठेवा. तांबडेपणा आणखी हवा असेल तर ६५०० पर्यंत जा. रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद ठेवणाऱ्या फाइलची, सोय असेल तर ती वापरा. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. मावळतीच्या आभाळात एका रंगातून दुसऱ्यात जाताना जे पट्टे पडतात, ते पायऱ्या कमी पडल्यामुळं.

यात दोन फसगती होतात. काही फोन प्रो मोडमधल्या जेपेगवरही आपली बेरीज चालवतातच. आयफोन १३ पासून तर स्मार्ट एचडीआर, म्हणजे हीच बेरीज, बंद करायचं बटणच सेटिंगमधून गेलं. दुसरं म्हणजे फोनच्या स्वतःच्या कॅमेरा अ‍ॅपमधली रॉ फाइल पुष्कळदा आधीच बेरीज केलेली असते. खरी एका फ्रेमची रॉ हवी असेल तर ती देणारं वेगळं कॅमेरा अ‍ॅप घ्यावं लागतं.

आणि ज्या बेरजेनं रंकाळ्यावर घात केला, तीच त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर कामाला येते. पणत्यांच्या उजेडात, गर्दीत, ट्रायपॉडशिवाय फोटो काढणं पूर्वी जवळपास अशक्य होतं. नाइट मोड दोन-तीन सेकंदांत ते करून देतो. तिथं एवढंच करा, एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, नाहीतर ज्योतीचा नुसता पांढरा ठिपका होतो. कोपर घाटाच्या कठड्याला टेकवा. चालणारी माणसं फ्रेममध्ये आली तर त्यांची भुतं होणार, हे धरूनच चाला. नको असतील तर पणती लावायला वाकून स्थिर झालेल्या माणसाची वाट पाहा.

प्रश्न : तालमीत कुस्तीच्या सरावाचे फोटो काढतो. मिररलेस कॅमेरा आहे, सेकंदाला २० फ्रेम. एका जोडीचे चारशे-पाचशे फोटो होतात आणि दोनही धड नसतात. निम्म्यांवर आडवे पट्टे. वस्ताद म्हणतात, ‘बंदूक चालवल्यागत काय करतोयस?’ जास्त फ्रेम म्हणजे कला कमी, हे खरं का?
— गंगावेस

उत्तर : आधी पट्ट्यांचं बघू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं तालमीतला साधा एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्यांना ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सरवरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचतं आणि साध्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग लागतो. तेवढ्यात दिवा तीन ते पाच वेळा उजळून मंदावलेला असतो. तेच तुमचे पट्टे. २० फ्रेमचा वेग बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवरच मिळतो, म्हणजे वेगाच्या हौसेपायी पट्टे येताहेत.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्हींची काही ना काही किंमत आहे. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवला तर पट्टे जातात, पण उचललेला गडी पुसट येतो. मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर चालू केलं तर कॅमेरा दिवा उजळायची वाट बघून शटर मारतो, पट्टे जवळजवळ जातात, पण वेग उतरतो आणि आवाज येतो. तिसरा उपाय सकाळच्या सरावाचा. दारा-खिडकीतून उजेड येत असेल तर दिवे बंद करून घ्या आणि त्या उजेडावर काम करा. आमची पसंती याला. घाम आणि माती लागलेल्या पाठीवर बाजूनं उजेड पडला की पोत दिसतो. वरच्या दिव्यात तो सपाट होतो.

आकडे सांगायचे तर ५० किंवा ८५ मिमीची एफ १.८ लेन्स, शटर १/६४० ते १/१०००, आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. आयएसओला घाबरू नका. नॉइज पुसणारं एआय डिनॉइज रॉ फाइलवर आज खरोखर चांगलं चालतं. पण पट्टी शंभर टक्क्यांवर नेली की खांद्याला चिकटलेले तांबड्या मातीचे कण तो नॉइज समजून पुसून टाकतो आणि पैलवान मेणाचा दिसू लागतो. चाळीस-पन्नास टक्क्यांवर थांबा आणि फोटो पूर्ण मोठा करून मातीचे कण शाबूत आहेत का, ते बघा.

डोळे शोधून फोकस करणारा आय ऑटोफोकस इथं बंद करा. दोघं गुंतले की चेहरे झाकले जातात आणि कॅमेरा मोकळा चेहरा शोधत मातीच्या हौद्याच्या काठावर बसलेल्या पोरावर जातो. फोकसचा छोटा झोन निवडा आणि तो दोघांच्या खांद्यांवर ठेवा.

आता कलेचं. धोबीपछाड डावात उचललेला गडी हवेत असतो तो अर्ध्या सेकंदाच्या आत. २० फ्रेमच्या वेगानं त्यात आठ-दहा फोटो निघतात, म्हणजे वेग कमी पडत नाही. कमी पडते ती जागा. धोबीपछाड मारणारा प्रतिस्पर्ध्याला पाठ देऊन वळतो, तेव्हा तुम्ही त्याच्या समोर असाल तर दोघांचे चेहरे मिळतात, मागं असाल तर नुसता लंगोट. पट काढताना गडी पायाशी झेपावतो, तिथं कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला हवा, उभ्यानं काढलेल्या फोटोत फक्त पाठ येते. कोणता गडी कोणता डाव राखून आहे, हे वस्तादांना पकडीवरून कळतं. फोटोग्राफरलाही ते कळायला लागलं की तीन-चार फ्रेमची छोटी फैर पुरते. बटण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंद साठवून ठेवणारी प्री-कॅप्चरची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असेल तर खुशाल वापरा. हाताला उशीर होतो तो ती भरून काढते. उभं कुठं राहायचं, हे ती सांगत नाही.

म्हणून वस्तादांचं म्हणणं आम्हाला निम्मं पटतं. फ्लॅशला त्यांनी नको म्हटलं तर मात्र पूर्ण पटेल. पकडीत डोळ्यांवर झगझगाट झाला तर गडी दुखावू शकतो, तेव्हा तो नकोच.

प्रश्न : चैत्र यात्रेत जोतिबावर गुलालात काढलेले फोटो घरी आल्यावर हिरवट दिसतात. शिवाय मागच्या वर्षी झूम लेन्स कुरकुरायला लागली.
— वडणगे

उत्तर : फ्रेमभर गुलाबी रंग असला की ऑटो व्हाइट बॅलन्स त्याच्या उलट, हिरव्याकडं झुकतो. त्यात माणसांची कातडी हिरवट पडते आणि गुलाल मळकट. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवून विसरून जा. गुलाल उधळतात तेव्हा फोटोतला लाल रंगाचा भाग (लाल चॅनल) सगळ्यात आधी भरून जातो. नुसता पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हे दाखवत नाही. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल उजव्या भिंतीला टेकायच्या आत थांबा. साधारण अर्धा ते पाऊण स्टॉप खाली यावं लागतं. लाल एकदा भरला की गुलालाच्या ढगातले पदर जाऊन सपाट गुलाबी डाग उरतो आणि तो रॉमधूनही परत येत नाही.

लेन्सच्या नळीत गुलाल गेला आहे. झूम आत-बाहेर केली की ती हवा ओढते आणि हवेबरोबर पूड. गडावर जाताना २४ किंवा ३५ मिमीची बिनझूमची लेन्स घरीच लावून घ्या आणि उतरेपर्यंत बदलू नका. कॅमेऱ्याला जाड प्लास्टिकची पिशवी घाला, लेन्सपुरतं भोक पाडून रबरबँडनं आवळा. पुढं साधा यूव्ही फिल्टर असू द्या. तो खराब झाला तर टाकून देता येतो. घरी आल्यावर आधी कोरडा मऊ ब्रश, मग हातपंपाचा ब्लोअर. ओल्या कापडानं पुसलंत तर रंग फटींत जाऊन बसतो. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. कुरकुरणारी लेन्स आता फिरवतच राहू नका, उघडून साफ करून घ्या.

सासनकाठ्यांच्या बाबतीत एक सुचवतो. अल्ट्रावाइडनं सगळी काठी मावते खरी, पण कडेची माणसं ताणली जातात आणि काठी कलंडल्यासारखी दिसते. मागं सरकून उंच जागेवरून ७० मिमीच्या आसपास काढा, काठ्या एकमेकींजवळ येतात आणि दाटी दिसते.

प्रश्न : महाद्वार रोडच्या फोटोतल्या केबलच्या तारा फोनमधल्या जादूच्या खोडरबरानं पुसल्या. स्पर्धेत पाठवला तर फसवणूक होते का? मित्रांत यावरून वाद आहे.
— शिवाजी पेठ

उत्तर : स्पर्धेचे नियम काय म्हणतात, त्यावर आहे. बातमीचा किंवा दस्तऐवजी विभाग असेल तर सरळ फसवणूक. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत चित्रात काही घालता येत नाही, काढता येत नाही, आणि मूळ फाइल मागून तपासतात. ‘क्रिएटिव्ह’ विभाग असेल तर बहुधा चालतं, पण काय केलं ते लिहून द्या. २०२३मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये क्रिएटिव्ह गटात बोरिस एल्डागसेन यांच्या चित्राला बक्षीस लागलं आणि ते एआयनं केलेलं आहे असं सांगून त्यांनी ते नाकारलं. परीक्षकांना कितपत ओळखू येतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

जोडकाम हा काही आजचा प्रकार नाही. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर यांनी १८५७मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र छापलं होतं आणि तेव्हाही वाद झालाच होता. फरक एवढाच, त्यातली प्रत्येक आकृती त्यांनी स्वतः उभी करून टिपलेली होती. तुमच्या फोटोत तारांच्या जागी जी भिंत आली आहे, ती कोणी पाहिलेलीच नाही. यंत्रानं आजूबाजूच्या भिंतीवरून अंदाजानं रंगवली आहे.

तो अंदाज चुकतो कुठं, तेही बघून ठेवा. तार जाते, तिची भिंतीवरची सावली राहते. नक्षीवरून तार गेलेली असेल तर तिथं नक्षीची तीच पाकळी दोनदा येते. खिडकीचे गज मध्येच वितळल्यासारखे होतात. परीक्षक हेच शोधतात.

आमचं मत विचाराल तर तारा राहू द्या. त्या रस्त्यावर आज केबल आहेत, दुकानांच्या पाट्या आहेत, फुलांच्या टोपल्या आहेत, फोटोत त्या का नकोत? फारच आड येत असतील तर दोन पावलं बाजूला सरका, खाली बसा, किंवा लांब लेन्सनं थोडाच भाग घ्या. पुसलेली प्रत ठेवायचीच असेल तर मूळ फाइल कधीच उडवू नका. लायका एम११-पीसारख्या कॅमेऱ्यात २०२३पासून फोटोसोबत त्याच्या उगमाची डिजिटल सही जाते. ती सोय सगळीकडं येईपर्यंत मूळ फाइल हाच तुमचा पुरावा.

प्रश्न : लग्नाचे फोटो करतो. तीन हजार फोटोंतून निवड करायला एआयचं सॉफ्टवेअर घेतलंय. वेळ वाचतो, पण पार्टी म्हणते, ‘आमच्या आजीचा फोटो कुठाय?’ आणि सगळ्यांना चेहरे गोरे करून हवेत.
— इचलकरंजी

उत्तर : निवडीचं सॉफ्टवेअर डोळे उघडे, फोकस नीट, चेहरा हसरा यावर गुण देतं. पाठवणीच्या वेळी रडणारी आई आणि डोळे मिटून अक्षता टाकणारी आजी त्यात नापास होतात. त्यामुळं त्याला फक्त टाकाऊ बाजूला काढू द्या, म्हणजे हललेले, काळे पडलेले, एकसारखे. निवड हातानं. पाठवणी, कन्यादान आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो वेगळ्या फोल्डरला टाकून सॉफ्टवेअरला दाखवूच नका. आणि लग्नाआधी घरच्यांकडून दहा-बारा महत्त्वाच्या नातेवाइकांची यादी घ्या.

गोरं करायच्या मागणीवर भांडण्यापेक्षा उजेड नीट करा. पार्टीला खुपतो तो बहुतेक वेळा कातडीचा रंग नसतो. मंडपाच्या रंगीत कापडातून आणि रंगीत एलईडीतून आलेली छटा आणि डोळ्यांखालची सावली खुपते. फ्लॅश पांढऱ्या छताला किंवा छत्रीला मारा, चेहऱ्यावर अर्धा स्टॉप जास्त घ्या, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर लॉक करा. स्मूदिंग (कातडी गुळगुळीत करणं) करायचंच तर २० टक्क्यांच्या पुढं नको. हळदीच्या फोटोत ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळा मारून टाकतो. हळद पांढुरकी दिसली तर घरचेच हसतील.

प्रश्न : डिजिटलचा कंटाळा आला. वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा कपाटात आहे. फिल्मवर काढलं तर नजर सुधारते म्हणतात.
— शाहूपुरी

उत्तर : सुधारते ती फिल्ममुळं नाही, फोटो लगेच दिसत नाही आणि ३६वर थांबावं लागतं त्यामुळं. हे डिजिटलवर फुकटात होतं. एकच लेन्स लावा, मागची स्क्रीन बंद करा आणि छत्तीस झाले की घरी जा. जुन्या तंत्रातच कला असते, असं या गावात तरी कोणी म्हणू नये. खरी कॉर्नरला ज्यांच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ उभा आहे, ते बाबूराव पेंटर मुळात पडदे रंगवणारे चित्रकार. चित्रपट काढायचा म्हणून त्यांनी कॅमेराच घडवला.

तरी कॅमेरा घरात आहेच, तर फिल्म भरण्याआधी हे तपासा. मागचं झाकण उघडून कडेचा काळा फोम बोटानं दाबा. तो डांबरासारखा चिकटला तर उजेड आत शिरणार, फोम बदलावा लागेल. झाकण उघडं ठेवून शटर १ सेकंदावर आणि १/६० वर मारून बघा. वंगण वाळलं की हळू वेग अडकतात. उजेड मोजणारा मीटर चालत नसेल तर बॅटरी बघा. जुन्या कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टची पारा-बॅटरी असे, ती आता मिळत नाही. त्या जागी १.५ व्होल्टची अल्कलाइन टाकली की मीटर चालतो, पण पुष्कळ कॅमेऱ्यांत खोटं सांगतो. कानाच्या मशीनची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची, ती जवळ जाते, फक्त काही आठवड्यांत संपते.

लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कातडी केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सला ती हमखास लागते. केसमधून काढून झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक टाका आणि ४० ते ५० टक्क्यांत राखा. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं.

कृष्णधवल फिल्म घरी धुणार असाल तर पाणी सांभाळा. एचपी५ प्लस ही फिल्म पातळ न केलेल्या आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, तेवढाच वेळ ठेवलंत तर निगेटिव्ह गडद आणि दाणेदार होते. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून २० अंशांवर आणा. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच्या आसपास असू द्या, एकदम फरक पडला तर फिल्मवरचा थर सुरकुततो.

*पुढच्या वेळी प्रश्नासोबत फोटो पाठवाल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. तो लहान होतो आणि शटर, आयएसओ, लेन्स यांची नोंद पुसली जाते. मग नेमकं काय चुकलं, ते आम्हाला सांगता येत नाही. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा किंवा ईमेल करा.*